पाच झरोके

बहिणीच्या बाळंतपणाहून थोरली सून परतली, ती पोटभर सांगायच्या गोष्टी घेऊन. बाळ रडताना खालचा ओठ कसा काढतं, बहिणीचा नवरा लंगोट बदलताना कसा घामाघूम होतो, हे सगळं तिनं वाटेतच मनात जुळवून ठेवलं होतं. फाटक उघडून ती आत आली, तर अंगणात चिटपाखरू नाही. तिच्या हातातली पिशवी घ्यायलाही कोणी पुढे आलं नाही. कुत्र्यानं शेपूट एकदा जमिनीवर आपटली आणि ते तसंच पडून राहिलं.

सगळे वासरांच्या घरापाशी उभे होते. सासूबाईंनी तोंडावर हात दाबून धरला होता. सासरे, ज्यांना घरीदारी सगळे आप्पाच म्हणत, ते हात मागे बांधून उगाच भिंतीकडे बघत होते. नवरा दारात उकिडवा बसला होता आणि त्यांची आठ वर्षांची चिमी त्याच्या पाठीला घोरपडीसारखी चिकटली होती.

"काय झालं?" थोरलीनं विचारलं.

नवरा फक्त थोडा बाजूला सरकला.

ती आत गेली. दिव्याच्या उजेडात कापशी कालवड पेंढ्यावर आडवी पडली होती, चारी पाय ताठ. जन्मली तेव्हा पिंजलेल्या कापसाच्या ढिगासारखी दिसली म्हणून चिमीनंच तिचं हे नाव ठेवलं होतं. आता तिचा एक डोळा उघडा होता, आणि त्या उघड्या डोळ्यावर पेंढ्याची बारीक काडी पडली होती. काडी डोळ्यावर होती आणि पापणी हलत नव्हती. थोरलीनं खाली बसून काडी काढली. मानेवरून हात फिरवला. अंग लाकडासारखं लागलं.

"सकाळी दूध पाजायला आले तर ही अशी," सासूबाई दारातून म्हणाल्या. "काल संध्याकाळी नुसती खोकत होती गं. नुसती खोकत होती."

"आणि बटाटी?"

बटाटी म्हणजे दुसरी कालवड. गोल, तपकिरी, पोटाला कायम माती लागलेली. तीही कोपऱ्यात बसून होती. मान पुढे ताणलेली, कान पडलेले, आणि बरगड्या अशा भराभर वरखाली होत होत्या की कोणी तिला लांबून पळवत आणलंय असं वाटावं.

"मी सांगितलं होतं," आप्पा भिंतीकडे बघतच म्हणाले. "भोकांचं घर बांधू नका म्हणून सांगितलं होतं. थंडीनं गेली पोर. आता दुसरीला तरी आत्ताच्या आत्ता जुन्या गोठ्यात न्या. आणि हे पाडा."

थोरलीच्या जिभेवर बाळाच्या ओठाची गोष्ट तशीच अडकून राहिली होती.

हे वासरांचं घर म्हणजे तिच्या जिवाचा तुकडा होता. आधी या घरात वासरं गायींच्याच गोठ्यात, अगदी शेवटच्या टोकाला, बांधली जायची. तिथं ऊब भरपूर होती, पण उजेड नव्हता, आणि वरच्या गायींचं सगळं पाणी उतारानं तिथंच येऊन साठायचं. दर हिवाळ्यात एखादं तरी वासरू खोकून खोकून खंगायचं. "व्हायचंच," असं म्हणून बाकीचे कामाला लागायचे. थोरलीला मात्र ते व्हायचंच पटेना. धाकटा दीर नोकरीसाठी दूर गेला तेव्हापासून वासरं तीच सांभाळत होती; त्यांच्या जिभेचा खरखरीतपणा तिच्या दोन्ही तळहातांना पाठ होता. तिनं जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना विचारलं, दोन-चार ठिकाणी जाऊन बघून आली, आणि जेवताना रोज तोच विषय काढून काढून सगळ्यांना इतकं वैतागवलं, की शेवटी नवरा म्हणाला, "बांधतो बाई, पण आता मला भाजी खाऊ दे."

त्यानं बांधलंही मन लावून. उंचावर जमीन धरली, फरशीला नीट उतार दिला, आणि छपराच्या खाली, माणसाच्या डोक्याच्याही वर, पाच झरोके ठेवले. आप्पा रोज येऊन कमरेवर हात ठेवून बघायचे. "वासरांचा बंगला," ते म्हणायचे. "आता जिना कधी काढताय?" सासूबाईंना झरोकेच खुपायचे. "उघड्यावर टाकल्यासारखं वाटतं गं. लेकरं आहेत ती." पण बंगल्यात गेल्यापासून वासरांचा खोकला थांबला, केस चकचकीत झाले, आणि थट्टाही हळूहळू कमी झाली.

आणि आता हे.

नवऱ्यानं कापशीला उचललं. मेलेलं वासरू जिवंत वासरापेक्षा जड लागतं. तो दारातून बाहेर पडताना हेलपाटला. झाडाखाली तिच्यावर पोतं टाकून तो परत आला, तेव्हा पलीकडच्या गोठ्यातून कापशीची आई हंबरली. रोज याच वेळी हंबरायची, दुधाच्या वेळेला. तिला काय ठाऊक. चिमीनं दोन्ही कानांवर हात घट्ट दाबून धरले.

डॉक्टरीणबाई आल्या त्या फाटकातूनच बोलत. त्यांचा आवाज असा की तीन घरं सोडून असलेल्या गायीही माना वळवायच्या. पण आत येऊन बटाटीच्या छातीला नळी लावली तशा त्या गप्प झाल्या. ताप बघितला, डोळ्यांच्या आतली त्वचा बघितली, सुई टोचली.

"फुफ्फुसं सुजलीत," त्या म्हणाल्या. "औषध दिलंय. पण नुसत्या औषधावर भरवसा ठेवू नका."

"थंडी," आप्पा म्हणाले. "या भोकांतून थंडी येते. हिला जुन्या गोठ्यात हलवतोय मी."

डॉक्टरीणबाई सरळ बटाटीच्या शेजारी पेंढ्यावर मांडी घालून बसल्या. चांगल्या स्वच्छ पँटीनिशी.

"या," त्या म्हणाल्या. "सगळे बसा इथं. असे माझ्यासारखे, खाली."

"कशाला?" आप्पा.

"वासरू कुठं राहतं? तुमच्या डोक्याच्या उंचीवर का?"

चिमी सगळ्यात आधी बसली. मग थोरली. सासूबाई "आई गं, गुडघे" करत टेकल्या. नवरा बसला. आप्पा उभेच राहिले, मग चिमीनं त्यांचा हात खाली ओढला तसे तेही कण्हत बसले.

क्षणभर कोणालाच काही कळलं नाही. मग चिमी म्हणाली, "माझे डोळे झोंबतायत."

थोरलीच्या नाकात एकदम तिखट काहीतरी शिरलं. मुताचा वास, पण साधा नव्हे, कोंडलेला, आंबलेला, घशाला ओरखडणारा. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तिनं बाजूला बघितलं, तर आप्पाही डोळे पुसत होते, आणि आप्पांना रडताना या घरात कोणी कधी पाहिलं नव्हतं. पेंढ्यावर टेकलेला तिचा गुडघा ओला झाला होता. उभं असताना यातलं काहीच जाणवलं नव्हतं. हातभर वर एक हवा होती आणि खाली दुसरीच.

"ही दिवसभर हेच ओढते आत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दिवसभर आणि रात्रभर. गेलेलीनंही हेच ओढलं. इथली हवा बदलते कुठून?"

"झरोके आहेत ना!" थोरली पटकन म्हणाली. एवढ्या दुःखातही तिच्या आवाजात थोडा अभिमान आला. "पाच आहेत. ते बघा…"

तिनं हात वर केला आणि तो हात वरच राहिला.

पाचही झरोके बुजलेले होते.

दिवसाढवळ्या आत दिवा का लावावा लागतोय, हा प्रश्न आल्यापासून तिला पडला नव्हता. दिवा लावलेला होता म्हणून उजेड होता, आणि उजेड होता म्हणून कोणी वर बघितलं नव्हतं. आता सगळ्यांनी एकदम माना वर केल्या. आकाश दिसायचं तिथं कापडं, फळ्या, बोळे.

"हे कोणी केलं?" थोरलीनं विचारलं.

उत्तराची तशी गरजच नव्हती. पहिल्या झरोक्यात सासूबाईंच्या जुन्या गोधडीचा तुकडा होता, हिरव्या-लाल ठिगळांचा. तशी ठिगळं दुसऱ्या कोणाच्या हातून जुळलीच नसती. दुसऱ्यात प्लायवुडची फळी, चारी कोपऱ्यांत स्क्रू, कडा घासून गुळगुळीत केलेल्या. या घरात एकच माणूस असं काम करतो, आणि तो आता खाली मान घालून पेंढ्याच्या काड्या मोडत होता. तिसऱ्यात आप्पांचा लोकरीचा जुना कोट, बाह्या आत दुमडून, गुंड्या लावून. चौथ्यात बदकाचं चित्र असलेला छोटा स्वेटर.

"तो माझा आहे," चिमी रडवेली होऊन म्हणाली. "मला आता होत नाही म्हणून. मी खाद्याच्या पेटीवर चढून घातला. मी एकच बुजवला! बाबांनीपण एक बुजवला होता, मी बघितलं होतं."

"मीही एकच," सासूबाई म्हणाल्या. "इतका गार वारा सुटला होता गं. म्हटलं चार उघडे आहेत ना अजून, एकानं काय होतंय."

"मला वाटलं, दोन तरी उघडे असतील," नवरा पुटपुटला.

"वाटलं? बांधलंस तू आणि तुला वाटलं?" आप्पा कडाडले.

"आणि कोट कोणाचा आहे, आप्पा?" नवऱ्यानं विचारलं.

आप्पांनी कोटाकडे बघितलं. कोटही त्यांच्याकडे बघत असावा, कारण त्यांनीच आधी नजर काढून घेतली.

कोणीही कोणाला सांगितलं नव्हतं. सांगायचं कसं? झरोक्यांना हात लावायचा नाही, असा थोरलीचा दंडक होता. म्हणून ज्यानं त्यानं, दुसऱ्याचं लक्ष नसताना, गुपचूप येऊन एकेक दया करून ठेवली होती. सासूबाई सकाळी यायच्या, आप्पा दुपारी, नवरा संध्याकाळी; प्रत्येकाचं लक्ष खाली वासराकडे.

थोरलीच्या छातीत राग उसळला. आठवडाभर घर काय सोडलं, तर ही माणसं… तिनं तोंड उघडलंच होतं.

"आणि तो पाचवा गं?" सासूबाई हळूच म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. "ते पोतं तर मी सगळ्यात आधी बघितलं. तू निघालीस त्याच सकाळी. त्याला पाहूनच तर मला धीर आला. म्हटलं, थोरलीनंच एक बुजवलंय म्हणजे थंडीत चालत असणार."

पाचव्या झरोक्यात खाद्याचं रिकामं पोतं होतं. चारपदरी घडी, कडा आत, आणि सुतळीची गाठ दोनदा फिरवून. अशी गाठ थोरलीच मारायची.

निघायच्या आदली संध्याकाळ तिला आठवली. कापशी नुकती जन्मलेली, अजून ओली, कुडकुडत होती. वारा शिट्टी घालत होता. पिशवी भरायची राहिली होती, बहिणीचा फोन येत होता. आजच्यापुरतं, असं म्हणत तिनं पोतं खोचलं, सकाळी काढू असं ठरवलं, आणि सकाळी गाडी गाठायच्या नादात ते साफ विसरली. बहिणीकडे असताना एकदाही तिला ते आठवलं नाही. बाळाच्या पाळण्यापाशी बसून ती सगळ्यांना आपल्या हवेशीर वासरांच्या घराचं कौतुक सांगत होती!

"मी," ती म्हणाली.

चिमी आईच्या तोंडाकडे टकमका बघत होती. आईचा चेहरा असा पांढराफटक झालेला तिनं कधी पाहिला नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी कोणाला दोष दिला नाही. त्या चिमीकडे वळून बोलल्या, पण ऐकवायचं सगळ्यांनाच होतं. "हे बघ, वासराला थंडी सोसते. त्याच्या अंगावर केस आहेत, पोटात दूध आहे. त्याला सोसत नाही ती ओल, आणि कोंडलेली हवा. तू तोंडावर पांघरूण घेऊन झोपलीस तर आधी छान वाटतं, मग काय होतं?"

"गुदमरायला होतं."

"मग पांघरूण काढावंसं वाटतं. हिला काढता येत नाही. हिचं पांघरूण तुमच्या हातात आहे. झरोके उघडे, आणि खाली कोरडा पेंढा. इतका, की ती बसली की पाय दिसायला नकोत."

"ताप आहे तिला," आप्पांचा आवाज चढला. "तापलेल्या जिवावर वारा सोडायचा? एक गेली, आता दुसरी मारायची? मी नाही उघडू देणार. जायचीच असेल तर उबेत जाईल."

थोरली उठली. या घरात लग्न होऊन आल्यापासून आप्पांच्या "नाही"पुढे ती कधी पाऊल टाकून गेली नव्हती. वासरांच्या घरासाठीसुद्धा तिनं महिनोन् महिने मागे लागून हो म्हणवून घेतलं होतं, पण नाही असताना वीट लावू दिली नव्हती. आता तिनं खाद्याची पेटी ओढली, वर चढली, आणि सुतळीची गाठ सोडवू लागली. गाठ सुटेना, तेव्हा तिनं दातांनी ओढली.

पोतं खाली पडलं आणि दिवसाचा एक चौकोन थेट समोरच्या भिंतीवर जाऊन बसला.

नवरा स्क्रूड्रायव्हर आणायला गेला. सासूबाईंनी गोधडीचा तुकडा काठीनं ढोसून पाडला. चिमीला डॉक्टरीणबाईंनी उचलून धरलं. राहिला फक्त कोट, आणि कोटाखाली पेंढ्यात बसलेले आप्पा.

"ऊठ म्हणू नका मला," ते म्हणाले. "बघतो मी, कसा वारा लागतो ते. लागला की मग बोलतो."

ते बसून राहिले. त्यांच्या टकलावर केस म्हणून नव्हता. वाऱ्याची झुळूक त्यांना सगळ्यांच्या आधी कळायची, हे सगळ्यांना माहीत होतं. थोडा वेळ गेला. त्यांनी टकलावरून हात फिरवला. मग ते भिंतीला धरून उभे राहिले. उभे राहिले तसा वारा कानाला झोंबला, खांदे आक्रसले. ते पुन्हा बसले. पुन्हा हात फिरवला. पुन्हा उठले.

"आप्पा, उठाबशा काढताय?" चिमीनं विचारलं, आणि त्या सगळ्या भयाण सकाळी पहिल्यांदा कोणाच्यातरी तोंडून हसू निसटलं, ते डॉक्टरीणबाईंचं होतं.

"गप गं," आप्पा म्हणाले. पण त्यांचे डोळे विस्फारलेले होते. त्यांनी बटाटीच्या नाकापुढे पेंढ्याची एक बारीक काडी धरली. काडी हलली ती फक्त तिच्या श्वासानं. "खाली वाराच नाही. अजिबात नाही. वरच्या वर येतो आणि वरच्या वर जातो." ते कितीतरी वेळ त्या काडीकडेच बघत राहिले. "जन्म गेला माझा गोठ्यात. मी कधी खाली बसलोच नाही."

त्यांनी हात उंच करून कोट ओढला. बाहीत हात घालायला गेले आणि थांबले. कोटाला त्या हवेचा वास लागला होता. त्यांनी तो लांब, अंगणात फेकून दिला.

दुपारपर्यंत ओला पेंढा सगळा बाहेर निघाला. खालून वाफा आल्या. नवऱ्यानं फरशी कोरडी केली, सासूबाईंनी पेंढा इतका पसरला की चिमी त्यात मांडीपर्यंत रुतली. मग झाडाखालच्या पोत्यापाशी जायची वेळ आली. खड्डा आप्पांनी स्वतः खणला. नवरा कुदळ मागत होता, पण त्यांनी दिली नाही. थोरली बाजूला उभी राहून बघत होती, आणि तिला रडू येत नव्हतं. सगळं तिला काचेपलीकडून दिसत असल्यासारखं वाटत होतं.

पुढचे दिवस सगळं घर बटाटीच्या बरगड्यांवर डोळे लावून बसलं. ताप उतरायचा आणि चढायचा. ती दुधाच्या बादलीत तोंड घालायची आणि नुसते ओठ ओले करून मान फिरवायची. थंडी तर जणू सूड घ्यायला आली होती. सकाळी हौदावर बर्फाचा पापुद्रा धरायचा. सासूबाईंचे हात नुसते शिवशिवायचे. "उघडेच ठेवायचे ना?" त्या विचारायच्या. "उघडेच," थोरली सांगायची. आपण बरोबर करतोय, याची तिला आता पहिल्यासारखी खात्री राहिली नव्हती. ज्या बाईनं स्वतःच पहिलं भोक बुजवलं, तिच्या खात्रीची किंमत ती काय? म्हणून ती आत गेली की आधी वर बघायची, मग पेंढ्यात गुडघे टेकायची. गुडघे कोरडे राहिले तर तेवढ्यापुरता तिचा जीव खाली पडायचा.

अशाच एका सकाळी ती आणि सासूबाई आत आल्या, तर बटाटी दिसेना. मग कोपऱ्यातल्या पेंढ्यात दोन कान दिसले. कान उभे होते. बाकी सगळी बटाटी पेंढ्याच्या घरट्यात बुडाली होती. थोरलीनं कानांना हात लावला. तिच्या हातांपेक्षा ते गरम होते, पण तापाचे नव्हेत. तिनं गुडघे टेकले आणि बादली पुढे केली.

बटाटीनं हुंगलं. एकदा खोकली. मग तिनं बादलीत तोंड खुपसलं आणि आतून अशी जोरात ढुशी दिली, की अर्धं दूध थोरलीच्या मांडीवर सांडलं. पुन्हा ढुशी. शेपटी हलायला लागली. पिण्याचा तो ओला, हावरट आवाज त्या कोरड्या खोलीत भरून राहिला.

आणि मग इतक्या दिवसांत पहिल्यांदा थोरलीला रडू फुटलं. बटाटीसाठी नव्हे. शेजारी एक बादली रिकामी टांगलेली होती, पांढऱ्या वासराची. ती हमसून हमसून रडू लागली, आणि हातातली बादली कलंडू लागली.

सासूबाई तिच्याजवळ पेंढ्यात बसल्या. एक हात तिच्या पाठीवर ठेवला आणि दुसऱ्यानं बादली खालून धरली.

"रड," त्या म्हणाल्या. "मी पण रडते. पण बादली सरळ धर, ती पितेय."